‘यूट्यूब बघून होड्या बनवणारे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

जुन्या ॲल्युमिनियमच्या होडीवरच्या माझ्या लेखाखाली आपली प्रतिक्रिया वाचली. चार दिवस मुद्दाम गप्प राहिलो. त्याच रात्री लिहायला बसलो असतो तर भाषा सुटली असती.

इतर वाचकांसाठी आपलं म्हणणं थोडक्यात सांगतो. गळणारे रिव्हेट (पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खुंट्या) मी पुन्हा ठोकत बसलो, त्यापेक्षा सगळ्या सांध्यांवर सरळ आर्गॉन (आर्गॉन वायूतलं वेल्डिंग) मारायला हवं होतं. पुढचा डेक (होडीतली बसायची सपाट जागा) उचलल्यामुळे होडीचा तोल बिघडला. ॲल्युमिनियमला पितळी स्क्रू लावणं चूक. एवढ्या खर्चात फायबरची नवी होडी आली असती. आणि शेवटचं वाक्य: "यूट्यूब बघून होड्या बनवणाऱ्यांनी निदान त्यात बसणाऱ्या माणसांच्या जिवाचा तरी विचार करावा."

आधी पितळेचं. इथे आपण बरोबर आहात आणि मी ते मोकळेपणाने मान्य करतो. लेखात ‘पितळी स्क्रू’ असं छापलं गेलं, ते लिहिण्यातली चूक. होडीला प्रत्यक्षात ३१६ ग्रेडचे स्टेनलेस बोल्ट आहेत आणि पत्रा नि बोल्टच्या मध्ये नायलॉनचे वायसर आहेत. तांब्याच्या जातीचा धातू ओल्यात ॲल्युमिनियमला टेकला की ॲल्युमिनियम खातो, हे मला माहीत आहे. याच होडीच्या तळात गाळाखाली तांब्याच्या वायरचा बोटभर तुकडा सापडला होता. तो उचलला तर खालच्या पत्र्याला टाचणीच्या टोकाएवढी भोकं, ओळीने, वायर पडली होती तशीच वाकडी. शब्द दुरुस्त केला आहे. धन्यवाद.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येतो.

‘यूट्यूब बघून’ हे तुम्हाला कोणी सांगितलं? लेखात तो शब्द कुठेही नाही. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर होते, ऑइल इंजिनचे पार्ट काढायचे. शाळा सुटली की मी तिथेच जायचो, बर्र (धातूचा कीस) झाडायला. गेली सव्वीस वर्षं मी स्वतः पत्र्याचं काम करतो आहे. ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवताना कुठल्या क्षणी तडकणार हे माझ्या हाताला कळतं. हे मी मिरवायला सांगत नाही. पण कोणाला शिकाऊ म्हणायच्या आधी एक प्रश्न विचारायला काय जात होतं?

आणि ‘जिवाचा विचार’. साहेब, मी कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीच्या बाजूचा माणूस आहे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोक्याची पातळी म्हणतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी पन्नासच्याही वर गेलं, पुणे-बंगळूर हायवे कितीतरी दिवस बंद होता. आमच्याकडे तेव्हा होडी नव्हती. गुऱ्हाळाची काहिल होती, गूळ आटवायची मोठी कढई. ज्यांनी काहिलीतून माणसं काढली नाहीत त्यांना सांगून कळणार नाही, पण सांगतो. काहिल गोल असते. तिला नाळ (होडीचं पुढचं टोक) नाही, कणा नाही. वल्हं मारलं की पुढे जायच्या ऐवजी जागेवर गरगर फिरते. मधोमध एक म्हातारी बसलेली, मांडीवर नातू, आणि आम्ही दोघं छातीभर पाण्यात काठ धरून चालतोय, पायाखाली रस्ता आहे की गटार ते दिसत नाही. त्या दिवशी ठरवलं, दाराशी एक होडी पाहिजे. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हाही ती नव्हती. त्यानंतर दीड वर्षाने भंगाराच्या अड्ड्यावर ही बारा फुटी मासेमारीची होडी किलोच्या भावाने मिळाली, उलटी पडलेली, पोटात पालापाचोळा. एरवी ती गळ टाकायलाच आहे, ते मी लपवलेलं नाही. पण जिवाचा विचार तुम्ही मला शिकवू नये.

आता वेल्डिंग. तुम्ही ‘सरळ आर्गॉन मारायला हवं होतं’ असं एका ओळीत लिहून मोकळे झालात. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, पण त्याच्यावरची ऑक्साइडची पापुद्री दोन हजारांच्या वर. म्हणून जागा लख्ख घासून, एसी करंटवर टिग, म्हणजे हेच आर्गॉनचं वेल्डिंग, मारावं लागतं. नव्या, स्वच्छ पत्र्यावर ते काम उत्तम होतं, मी रोज करतो. पण इथे दीड मिलिमीटरचे दोन पत्रे एकावर एक चढवलेले आणि त्यांच्या मधल्या फटीत वर्षानुवर्षांचा गाळ, ओल आणि जुनं सीलंट. ते घासणार कसं? वरून आच लागली की आतलं सगळं उकळतं आणि झाळीत बुडबुडे राहतात. शिवाय पातळ पत्रा तापून नरम पडतो, ताणला जातो, आणि शेजारचे धड असलेले रिव्हेट ढिले होतात. एक गळती बंद करायला जायचं आणि चार नव्या उघडायच्या.

म्हणून मी जे केलं ते असं. होडी घोड्यांवर (कामाच्या तिवयांवर) ठेवली, खाली फळ्या टाकल्या आणि आतच चार बोटं पाणी भरलं. तेवढ्याचंही वजन अडीचशे किलोच्या आसपास होतं, म्हणून फळ्या. मग खाली उताणा झोपून जिथे थेंब धरतो तिथे मार्करने गोल केला. एकतीस गोल झाले. काही रिव्हेटवर थेंब यायला पाच-पाच मिनिटं लागत होती. नंतर एकाने आतून जड लोखंडी ठोकळा धरायचा आणि दुसऱ्याने बाहेरून ठोकायचं. जे घट्ट झाले नाहीत ते ड्रिलने काढून एक साइज जाड भरीव रिव्हेट सीलंटसकट घातले. पुन्हा पाणी भरून रात्रभर ठेवलं. सकाळी खाली अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद कोरडा होता. वेल्डिंग मी एकाच ठिकाणी केलं, मागच्या कोपऱ्यातल्या जाड ब्रॅकेटला चीर होती तिथे. लेखात तेही आहे, तुम्ही तिथपर्यंत वाचलं नसावं.

मागची फळी, जिच्यावर इंजिन टांगतात, तिच्याबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत अवाक्षर नाही. जिवाचा प्रश्न खरा तिथे होता. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला, प्लाय चहात बुडवलेल्या खारीसारखा झाला होता. अठरा मिलिमीटरचे दोन मरीन प्लाय इपॉक्सीने चिकटवून, सगळ्या कडा नि भोकंसुद्धा इपॉक्सीने बंद करून ती नवी केली. त्या कामाचे फोटो लेखात सहा आहेत.

फायबरची होडी आली असती, हो. ज्याला घ्यायची त्याने घ्यावी.

डेकबद्दल: तो सहा इंच उचलला आहे, त्यावर मी उभा राहत नाही, बसतो. तोल बिघडला असता तर पाण्यात मला कळलं असतं. यावर अजून काही लिहिण्यासारखं मला वाटत नाही.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा खाली आपलं नाव लिहा, एवढी विनंती. मी माझ्या नावाने लिहितो.