शिट्ट्या मोजण्यापेक्षा आच कमी करावी
स्वयंपाकातील इंधनबचतीवरच्या एका लेखात इंडक्शन शेगडी घेण्याचा सल्ला दिला आहे, तो योग्यच आहे. परंतु घरात आहे त्याच कुकरचा नीट वापर हा मुद्दा मला अधिक मोलाचा वाटतो. कुकरमधले पाणी वाढलेल्या दाबामुळे सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि डाळ शिजते ती या तापमानामुळे, शिटीमुळे नव्हे. म्हणून पहिली शिटी होताच आच अगदी मंद केली, तर वाफेबरोबर वाया जाणारी उष्णता वाचते. हरभरे आणि राजमा रात्रभर भिजवलेले असावेतच. गॅस बंद केल्यावर कुकर आपोआप थंड होऊ द्यावा, कारण आतले शिजणे तेव्हाही चालूच असते. आमच्याकडे तुरीच्या वरणाची शेवटची काही मिनिटे नेहमी अशी बिनआचेचीच असतात.