कोणाची दोन बोटं?

माझा नवरा नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. हातात मोजमापाचं व्हर्निअर, डोक्यात मायक्रॉन. अशा माणसाच्या बायकोने बाळंत व्हावं का, हा मुद्दा लग्नाआधी कुणी काढलाच नाही. पत्रिका तेवढ्या पाहिल्या.

पहिली ठिणगी मोजणीवरूनच पडली. डॉक्टरीणबाईंनी पाळीची तारीख विचारली, पुठ्ठ्याची एक गोल चकती फिरवली आणि म्हणाल्या, "सहा आठवडे झाले." नवऱ्याचा चेहरा पडला. सहा आठवड्यांपूर्वी तो कंपनीच्या कामाने कोइमतूरला होता. "पहिले दोन आठवडे गर्भ नसतोच हो," बाई हसल्या, "पण आपण धरतो. पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस."

"अच्छा, झीरो एरर! म्हणजे मोजणीच शून्याच्या पुढून सुरू!" नवऱ्याने श्वास सोडला.

पुढे घराघरांत वेगळी मापं निघाली. सिडकोत सासूबाईंच्या लेखी मला आठवा लागला होता, पंचवटीत आईच्या लेखी सातवा सरला होता, फाइलीत ३१ आठवडे होते आणि लिफ्टमध्ये भेटणाऱ्या काकूंच्या मते पोटावरून नववाच. याच काकूंनी 'मुलगाच' असंही जाहीर केलं होतं. सोनोग्राफीच्या खोलीत गर्भलिंगनिदानाला बंदी करणाऱ्या १९९४च्या कायद्याची भलीमोठी पाटी असते, फॉर्मवर सही घेतात. त्या कायद्याचा हात आमच्या लिफ्टपर्यंत पोचलेला नाही.

मध्यंतरी साखरेची तपासणी झाली. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात ढवळून देतात आणि दोन तास बाकावर बसवतात. उलटी झाली तर खेळ पुन्हा पहिल्यापासून. मी दोन तास समोरच्या कॅलेंडरवरच्या गणपतीकडे पाहत दातओठ आवळून बसले. आकडा आला १३८. मर्यादा १४०च्या आत. "काठावर पास," बाबा म्हणाले. माझ्या दहावीच्या गणितानंतर हे शब्द त्यांनी प्रथमच वापरले.

पहिलं बाळंतपण म्हणून मी पंचवटीत माहेरी होते. एका रात्री दीडला कळा सुरू झाल्या. नवरा सिडकोतून धावत आला आणि फोनवर एक्सेल उघडून दोन कळांमधलं अंतर भरू लागला. होळकर पूल, रविवार कारंजा, अशोक स्तंभ करत गंगापूर रोडकडे निघालो. रस्ता मोकळा होता. फक्त गतिरोधक कुठे कुठे आहेत, ते त्या रात्री मला इतकं पाठ झालं की महापालिकेला नकाशा काढून देईन.

लेबर रूममध्ये सिस्टरने गर्भाशयाचं तोंड किती उघडलंय ते तपासलं आणि आईला सांगितलं, "दोन बोटं." आई दाराबाहेर जाऊन म्हणाली, "दोन बोटं." आणि आतपर्यंत नवऱ्याचा आवाज आला, "कोणाची?"

मला कळ आली होती, तरी मी हसले. हसताना कळ येणं काय असतं ते सांगता येत नाही.

"म्हणजे सिस्टरची की डॉक्टरांची? बोटांत फरक असतो ना!"

आई आत आली आणि बिचारीने खरंच विचारलं. सिस्टरने तिच्याकडे असं पाहिलं की आई आपोआप स्टुलावर बसली. कोपऱ्यातल्या मावशी म्हणाल्या, "पहिलटकरीण हाये. उजाडंल." मला विचाराल तर त्या खोलीतलं सगळ्यात भरवशाचं माप तेच होतं.

नवऱ्याने मग फोनवर वाचून काढलं, की दहा सेंटीमीटर म्हणजे पूर्ण, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या सूचनांप्रमाणे पाच सेंटीमीटरपासून जोराचा टप्पा. त्याआधीच्या टप्प्याला वेळेचं ठरावीक बंधन नाही. हे त्याने मला मेसेज करून कळवलं. पहाटे चार वाजता. लेबर रूममध्ये.

सकाळी आठला सिस्टरांची पाळी बदलली. रात्रीच्या सिस्टरने जाताना "साडेतीन" म्हटलं होतं. नव्या सिस्टरने तपासलं आणि म्हणाल्या, "तीन." सहा तास कळा देऊन मी अर्धं बोट मागे आले होते! मला रडू फुटलं. बाहेरून निरोप आला, "तिला सांगा, घाबरू नको. ऑपरेटर बदलला की रीडिंग बदलतं."

आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या नोकरीचा मला उपयोग झाला.

पुढचं मला धड आठवत नाही, आणि जे आठवतं ते छापण्यासारखं नाही. दुपारी मुलगी झाली, दोन किलो आठशे साठ ग्रॅम. नवऱ्याने तिला पाहिलं, डोळे पुसले आणि वाकून वजनकाट्यावरचा कॅलिब्रेशनचा स्टिकर वाचला. तारीख चालू होती. मगच त्याने वजन सगळ्यांना कळवलं.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "टाके किती?" "थोडे," त्या म्हणाल्या. दूध पुरतंय का, हे बाळाच्या शूवरून ओळखायचं. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा-सात लंगोट ओले व्हायला हवेत. त्याचाही तक्ता झाला. त्यात सासूबाई अर्धा ओला लंगोट अर्धाच धरत.

घरी सोडायच्या दिवशी सकाळी दहाला 'डिस्चार्ज झाला' म्हणाले आणि विमा कंपनीचा होकार यायला संध्याकाळचे सहा वाजले. बिल पैशापर्यंत अचूक होतं. तिथे बोटांचा हिशेब कुणाला देता आला नव्हता, पण त्या बोटांवरचे हातमोजे चोख मोजलेले होते, एकोणीस जोड. नवरा ती ओळ बराच वेळ वाचत राहिला.

पंचवटीत आल्यावर आईने शेगडी पेटवली, ओव्याचा धूर केला, मला कानाला रुमाल बांधून कॉटवर बसवलं आणि अळिवाची खीर केली. हात गुंतले होते म्हणून तिने स्वयंपाकघरातून हाक मारली, "जावईबापू, त्या वाटीत दोन बोटं तूप ओता बरं."

नवऱ्याने तुपाची कासंडी उचलली. आईच्या हाताकडे पाहिलं, स्वतःच्या हाताकडे पाहिलं. पण एवढ्या दिवसांत तोही शिकला होता. 'कोणाची' असं त्याने विचारलं नाही.

बोटं वाटीला लावून तो म्हणाला, "आई, आडवी की उभी?"