लिंबू-मीठ लावून रात्रभर? बिडाच्या प्लेटवर नको!

पाऊस लागला की आमच्या नागपुरातल्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज पुन्हा येतो: "इलेक्ट्रिक शेगडीच्या प्लेटला गंज आलाय? लिंबू-मीठ चोळून रात्रभर ठेवा, सकाळी नळाखाली धुवा, वर खोबरेलाचा जाड थर द्या. आयुष्यभर गंज नाही. उन्हाळ्यात तर आपली हवाच कोरडी, काळजी नको." खोली करून राहणारी पोरं हे जसंच्या तसं करतात, म्हणून लिहितेय.

लिंबाने गंज सुटतो, हे खरं. पण प्लेट बिडाची असते. गंज सुटला की आम्ल उघड्या लोखंडाला लागतं, आणि मीठ ओल धरून गंजाचा वेग वाढवतं. सकाळी स्वच्छ दिसलेली प्लेट लगेच पुन्हा तांबूस होते ती यामुळेच.

नळाखाली धुणं तर धोक्याचं. प्लेटखाली वायरी आणि जोडण्या असतात. तिथं पाणी शिरलं तर शॉक बसू शकतो. प्लग काढा, प्लेट गार होऊ द्या, तारेच्या घासणीने कोरडीच घासा, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. मग प्लग लावून दोन-तीन मिनिटं रिकामीच तापवा. अर्धं काम या वाळवण्यात आहे, आणि मेसेजमध्ये नेमकं तेच नाही. तापलेल्या प्लेटवर पाणी कधीच ओतू नका, बीड तडकू शकतं.

आता खोबरेल. तापवल्यावर तेलाचा कडक पापुद्रा धरला पाहिजे, नुसतं तेल माखून उपयोग नाही. हा गुण तेलाच्या आयोडीन मूल्यावरून कळतो, आकडा जेवढा मोठा तेवढं तेल सुकून कडक होतं: खोबरेलाचं १० च्या आसपास, आपल्या जवसाचं १७० च्या वर. तेव्हा चटणीचं जवस आठवा आणि त्याचंच तेल घ्या. कोमट प्लेटवर दोन-तीन थेंब चोळा, मग सगळं काढून टाकायचंय अशा बेताने कोरड्या फडक्याने पुसा आणि खिडकी उघडून धूर थांबेपर्यंत तापवा. जाड थर नुसता चिकटतो आणि पुढच्या वेळी घरभर धूर करतो.

"आयुष्यभर" तर नाहीच. प्लेट लाल होईस्तोवर तापली की हा पापुद्रा जळतो. प्लेट करडी दिसू लागली की पुन्हा तेल द्यायचं.

राहिली कोरडी हवा. मे महिन्यात बाहेर रखरखाट असतो, पण घरात कूलर दिवसभर ओली हवा फेकतो. माझ्या प्लेटला गंज चढला तो ऐन मेमध्येच. शेगडी कूलरच्या झोतात होती आणि मी पातेल्यांची ओली बुडं न पुसता वर ठेवत होते. शेगडी दुसऱ्या ओट्यावर हलवली, बुडं पुसायला लागले, तेव्हा तो थांबला.