मर्ल ओबेरॉनला खोटारडी म्हणण्याआधी

जुन्या हॉलिवूडची नटी मर्ल ओबेरॉन हिनं आपला भारतातला जन्म लपवला. तिचा विषय निघाला की 'आयुष्यभर खोटं बोलली' एवढ्यावर लोक तिला निकालात काढतात. मला ते अजिबात पटत नाही. रागच येतो.

तिचा जन्म मुंबईचा, १९११ सालचा. आई कॉन्स्टन्स स्वतःच कोवळी पोर होती. म्हणून मिश्र वंशाच्या, सिलोनच्या आजीनं, शार्लटनं, नातीला आपली लेक म्हणून वाढवलं आणि सख्ख्या आईला बहीण ठरवलं. म्हणजे पहिलं खोटं तिनं रचलेलंच नव्हतं! पुढे कलकत्त्याच्या ला मार्टिनिअर शाळेत अँग्लो-इंडियन म्हणून पोरींनी इतकं हिणवलं की शाळा सुटली. मग इंग्लंड गाठलं. चित्रपट निर्माता अलेक्झांडर कोर्डानं तिला पडद्यावर आणलं आणि प्रसिद्धीवाल्यांनी सांगितलं, ही ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाची.

खरं सांगितलं असतं तर? १९१७ च्या कायद्यानं अमेरिकेचं दार भारतीयांना बंद केलेलं. त्यात हॉलिवूडची स्वतःची नियमावली, हेज कोड, गोऱ्या-काळ्यांचं प्रेम पडद्यावर येऊ देत नसे, आणि तिची झळ आशियाई नटनट्यांनाही लागे. अ‍ॅना मे वाँगचंच बघा. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली, चिनी वंशाची, कसलेली नटी. पण 'द गुड अर्थ'मधली चिनी शेतकरीण झाली गोरी लुईस रायनर, आणि ऑस्करही तिलाच मिळालं.

मर्लनं किंमत कमी मोजली नाही. घरी पाहुणे आले की आजी मोलकरीण व्हायची. ती गेल्यावर तिचं चित्र काढून घेतलं, तेही गोऱ्या रंगात. हे वाचताना पोटात कालवतं. १९३७ च्या मोटार अपघातात चेहऱ्यावर व्रण राहिले, तर छायालेखक ल्युसियन बॅलार्डनं ते झाकायला खास दिवा बनवला. 'ओबी' नावाचा तसा दिवा पुढेही वापरात राहिला.

आणि या सगळ्यात तिचा अभिनय कुणी बघतच नाही. 'वुदरिंग हाइट्स'मधली कॅथी बघा. श्रीमंती हवी आणि गरीब प्रियकर हीथक्लिफही हवा, ही ओढाताण ती नुसत्या डोळ्यांनी दाखवते. समोर हीथक्लिफ म्हणून लॉरेन्स ऑलिव्हिए असूनही नजर तिच्यावरून हलत नाही.

१९३५ च्या 'द डार्क एंजल'साठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करचं नामांकन होतं. २०२३ मध्ये त्याच ऑस्करसाठी मलेशियन अभिनेत्री मिशेल योहला नामांकन मिळालं, त्या निमित्तानं मर्लचं नाव पुन्हा निघालं, तेही योह ही 'स्वतःला आशियाई म्हणवून घेणारी पहिली' असा फाटा फोडून मर्लला बाजूला सारण्यासाठी. माझ्या मते या नामांकनाच्या आशियाई अभिनेत्रींच्या यादीत पहिलं नाव मर्लचंच हवं आणि त्यापुढे जन्मस्थळ मुंबई, एवढं स्वच्छ लिहिलेलं हवं.