दर एफडीला वेगळा 5 लाखांचा विमा मिळत नाही, तो मेसेज पुढे ढकलू नका

'बँकवाले लपवतात ते एफडीचं सत्य' असा मेसेज सगळीकडे फिरतोय, तीन मुद्दे आहेत त्यात. परवा तो आत्याकडे पोचला. आत्या नुकतीच शाळेतून रिटायर झालीय, फंड-ग्रॅच्युइटीचे 20 लाख हातात आहेत आणि मेसेज वाचून तिने ठरवूनही टाकलं की तिच्या नेहमीच्या सहकारी बँकेतच 5-5 लाखांच्या चार पावत्या करायच्या. म्हणून लिहितोय.

पहिला मुद्दा हाच. 'बँक बुडाली तर प्रत्येक एफडीमागे 5 लाख मिळतात, फक्त शाखा वेगवेगळ्या घ्या.' धादांत खोटं आहे हे! विमा पावतीला नसतो, ठेवीदाराला असतो. एक माणूस, एक बँक, 5 लाख. त्या बँकेच्या सगळ्या शाखांतलं तुमचं सेव्हिंग, आरडी, एफडी सगळं एकत्र धरतात, आणि मुद्दल अधिक व्याज मिळून 5 लाख. हे माझं मत नाही, विमा देणारी रिझर्व्ह बँकेची डीआयसीजीसी आहे ना, तिच्या वेबसाइटवर प्रश्नोत्तरांत स्वच्छ लिहिलंय. म्हणजे आत्याच्या 20 लाखांपैकी 15 लाख उघड्यावर, आणि पेन्शनचं सेव्हिंग खातं त्याच बँकेत असेल तर तेही त्याच 5 लाखांत. 5 लाखांची एकच पावती 7 टक्क्यांनी वर्षभर ठेवली तरी 5,35,930 होतात, त्यातले वरचे 35,930 विम्याबाहेर.

2019 ला पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा आधी फक्त 1000 रुपये काढू देत होते, विसरलात का? तेव्हा विमा 1 लाखच होता, 5 लाख झाला फेब्रुवारी 2020 मध्ये. आता निर्बंध आले तर विम्याची रक्कम 90 दिवसांत द्यायची असा कायदा झालाय, पण विम्याची म्हणजे 5 लाखांपर्यंतचीच.

एक मान्य करावं लागेल, जॉइंट पावती वेगळी मोजतात, आणि नावांचा क्रम बदलला तर तीही वेगळी धरतात. पण मेसेजमध्ये ते नाहीच, शाखा बदला म्हणतोय तो. त्यापेक्षा सरळ बँका वेगळ्या घ्या ना. आणि पतसंस्थेला हा विमाच नाही, जास्त टक्के देते म्हणून तिकडे धावू नका.

दुसरा मुद्दा, 'एफडी मोडली की मुद्दल कापतात.' मुद्दल कोणी कापत नाही. जितके दिवस पैसे राहिले त्या मुदतीचा दर लावतात आणि वर दंड, साधारण अर्धा ते एक टक्का. पण ही अफवा कुठून आली असेल ते कळतं. समजा 5 लाख पाच वर्षांसाठी 7 टक्क्यांनी ठेवले, दर तिमाहीला व्याज घेतलं, वर्षात 35,000 मिळाले, आणि मग मोडली. एक वर्षाचा दर साडेसहा, दंड एक, म्हणजे तुमचा हक्क साडेपाच टक्क्यांचा, 27,500. जास्तीचे 7,500 बँक वळते करून घेते आणि हातात 4,92,500 येतात. माणूस हादरणारच, पण एकूण 5,27,500 मिळालेले असतात. काउंटरवर हे कोणी समजावून सांगत नाही ही तक्रार मात्र खरी आहे.

तिसरा, 'टीडीएस कापला म्हणजे 10 टक्के बुडाले, 15एच भरा, टॅक्सच नाही.' 15एच म्हणजे 'माझा टीडीएस कापू नका' असं ज्येष्ठांनी बँकेला लिहून द्यायचा फॉर्म. आणि टीडीएस हा बँकेने व्याजातून आगाऊ कापलेला टॅक्स, रिटर्न भरलं की हिशोबात धरतात, जास्त असेल तर परत येतो. ज्येष्ठांना 1 एप्रिल 2025 पासून एका बँकेत वर्षाला 1 लाखापर्यंतच्या व्याजावर तो कापतच नाहीत. पण नाही कापला म्हणजे टॅक्स माफ झाला असं नाही, चार बँकांतलं व्याज रिटर्नमध्ये एकत्र दाखवावंच लागतं, आणि 15एच फक्त ज्यांचा वर्षाचा एकूण टॅक्स शून्य येतो त्यांनीच भरायचा. आत्याला पेन्शन आहे, तेव्हा तिने आधी सीएकडून हिशोब करून घ्यावा आणि मगच त्या फॉर्मवर सही करावी.