शिपाई फक्त 'जी साहब' शिकतो म्हणे!

भरतीचा मोसम आला की नाशिकरोड-देवळालीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदा तो मला चार ठिकाणांहून आला. मजकूर थोडक्यात असा: फौजेत शिपाई म्हणून जाऊ नका. शिपायाला डोकं गेटबाहेर ठेवून आत जावं लागतं. दंडावर हुद्द्याची फीत लागेपर्यंत नेतृत्वाचं नाव काढायचं नाही. अग्निवीराला तर चारच वर्षं, तो 'जी साहब'शिवाय काय शिकणार? लीडर जन्मावाच लागतो, आणि तसा असशील तर एनडीएला जा, एकदा शिपाई झालास की दार बंद. खाली तिरंगा आणि हात जोडलेले दोन इमोजी.

मी तोफखान्यात गनर म्हणून लागलो, म्हणजे पायदळातल्या शिपायाच्याच पायरीवर, आणि हवालदार होऊन घरी आलो. त्यामुळे गप्प बसवेना.

आधी ते गेटबाहेर ठेवलेलं डोकं. तोफेवर काम करणाऱ्या टोळीला आम्ही डिटॅचमेंट म्हणतो. तिचा प्रमुख तो नंबर वन, बहुतेक वेळा हवालदार. फायरचा हुकूम त्याचा, मध्ये दुसऱ्याने तोंड घालायचं नाही. पण एक शब्द असा आहे, जो परवा युनिटमध्ये आलेलं पोरगंही ओरडू शकतं: 'स्टॉप'. धोका दिसला की ओरडायचं. तोफ आधी थांबते, का थांबवली ते नंतर विचारलं जातं.

देवळालीच्या रेंजवर रात्रीचं फायरिंग होतं. माझी नोकरी जेमतेम दीड वर्षाची. गोळा भरलेला, नंबर वनचा हात वर गेलेला, आणि ब्रीचच्या, म्हणजे गोळा भरतात त्या मागच्या तोंडाच्या मागे, फायर झाल्यावर नळी उसळून येते नेमकी त्या जागी, मला कुणीतरी वाकलेलं दिसलं. ओरडलो. आवाज असा चिरकला की तो माझाच आहे हे मला उशिरा कळलं. टॉर्चचा झोत पडला. ट्रेलवर, म्हणजे तोफेच्या मागच्या पायावर, कुणीतरी काढून टाकलेली जर्सी होती! आता रगडा, म्हणजे शिक्षा, मिळणार हे मी धरूनच चाललो. नंबर वनने जर्सी उचलली, ज्याची होती त्याच्या अंगावर फेकली आणि मला म्हणाले, "अगली बार भी चिल्लाना." पुढच्या मिनिटाला तोफ सुटली. देवळालीच्या आसपासच्या गावांत फडताळातली भांडी हलतात तो हाच आवाज, पण त्या रात्री मला तो नीट ऐकूही आला नाही.

त्या चार शब्दांत दोन माणसं तयार झाली. एक, चूक होईल या भीतीने गप्प न बसणारा गनर. दुसरा, दहा वर्षांनी स्वतः नंबर वन झाल्यावर कुणी खोटा 'स्टॉप' दिला तर त्याच्यावर न डाफरणारा हवालदार. डाफरलो असतो, तर पुढच्या वेळी खरा धोका असतानाही ते पोर ओरडलं नसतं.

हे मला माझ्या बढाईसाठी सांगायचं नाही, म्हणून मोठं उदाहरण देतो. शेजारच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातले नामदेव जाधव, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई. दंडावर एकही फीत नाही. काम कंपनी रनरचं, म्हणजे निरोप्याचं. 9 एप्रिल 1945, इटलीत सेनियो नदीचा काठ. बरोबरची तुकडी गारद झाली. जाधवांनी दोन जखमींना एकामागून एक नदीपार पोचवलं, परत फिरून शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यांवर चालून गेले, हाताला गोळी लागून बंदूक चालेना तेव्हा हातबॉम्ब वापरले. मग बांधावर चढून, उखळी तोफांचा मारा चालू असताना, उघड्यावर उभे राहून त्यांनी मराठ्यांची युद्धगर्जना केली आणि मागे राहिलेल्या कंपन्यांना हात हलवून बोलावून घेतलं. एका निरोप्याने. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान, मिळाला. हा हुकूम त्यांना कोणत्या साहेबाने दिला होता, ते मेसेजवाल्याने शोधून सांगावं.

दुसरा मुद्दा फितीचा. फितीशिवाय माणसं हाताखाली येत नाहीत, हे कागदावर बरोबर आहे. पण फीत लागते त्या दिवशी अक्कलही लागते असं नाही. मी लान्स नाईक झालो, एक फीत, आणि गार्डची ड्यूटी लिस्ट माझ्याकडे आली. तीन संतरी, दोन तास पहारा, चार तास आराम. पहाटे दोन ते चारची पाळी कुणालाच नको असते. माझ्याबरोबर निफाडचा एक पोरगा होता, गाववाला म्हणून जीव. त्याच्या वाट्याला ती पाळी कधी येऊ दिली नाही. तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या एका जवानाने लिस्टवर नुसतं बोट फिरवलं, त्या एका नावाशी थांबला आणि माझ्याकडे बघितलं. बोलला काही नाही. त्यानंतर महिनाभर माझ्या 'फॉल इन'ला पोरं यायची, पण चालत. ज्याने फितीआधीच, चार जणांत पाणी वाटताना, आधी दुसऱ्याला द्यायचं शिकून घेतलं असेल, त्याला हा महिना काढावा लागत नाही.

'लीडर जन्मावा लागतो' यावर काय बोलणार. कॅडरमध्ये, म्हणजे बढतीआधीच्या कोर्समध्ये, पहिल्यांदा उभं राहून दहा मिनिटांचा लेसन घ्यायचा असतो. तिथे पाय लटपटणारे दोघं पुढे माझ्या पाहण्यातले सर्वांत चांगले उस्ताद, म्हणजे शिकवणारे, झाले. विषय संपला.

अग्निवीराचा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही. अग्निपथ योजना जाहीर झाली 14 जून 2022 ला. चार वर्षं, आणि त्यानंतर जास्तीत जास्त 25 टक्के मुलं कायम. चार वर्षांत नाईकची कॅडर, सेक्शन, म्हणजे छोटी तुकडी, हातात येणं, ही शिडी चढून होत नाही. उरलेली पोरं कमांडच्या उंबरठ्यावरून घरी येतात, आणि 'देशसेवा' म्हणून हे झाकू नये. पण चार वर्षांत काहीच मिळत नाही हेही खोटं. तोफेवर प्रत्येकाला शेजारच्याचं काम यावं लागतं, कारण शेजारचा पडू शकतो. आपल्या वरच्याचं काम डोळ्यांनी उचलायची ही सवय पहिल्या वर्षातच लागते.

राहिलं ते बंद दार. डेहराडूनला आर्मी कॅडेट कॉलेज आहे, 1977 पासून. त्याआधी ते पुण्यात होतं. भरती झालेल्या जवानांतूनच अधिकारी घडवायचे म्हणून ते चालतं. बारावी, ठरावीक नोकरी, वयाची अट, लेखी परीक्षा, मग एनडीएच्या पोरांना द्यावी लागते तीच एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडीची मुलाखत-चाचणी. तीन वर्षांत पदवी आणि नंतर आयएमएत, म्हणजे इंडियन मिलिटरी अकॅडमीत, एक वर्ष. सोपं नाही, निघतात थोडेच. पण दार आहे, आणि बॅरेकमध्ये रात्री पुस्तक उघडून बसणारा एखादा जवान दिसला की बाकीचे रेडिओचा आवाज कमी करायचे, हे मी पाहिलंय.

मेसेज मला पहिल्यांदा पाठवला तो माझ्या सख्ख्या पुतण्याने. बारावी झालीय, यंदा भरतीला उतरणार आहे. रोज पहाटे साडेचारला गल्लीतल्या सहा पोरांना फोन करून उठवतो, दोघांना स्वतःच्या गाडीवर बसवून गोल्फ क्लबच्या मैदानावर नेतो आणि 1600 मीटरला जो मागे पडतो त्याच्या बाजूने, स्वतःचा टायमिंग बिघडवत, पळतो. मेसेजखाली त्याने लिहिलं होतं: "काका, खरंय का हे?"