चिलटं म्हणजे डासाची पिल्लं नव्हेत

गोठ्यातल्या कीटकांवरच्या एका लेखात 'चिलटं ही डासांचीच लहान पिल्लं, गोठ्याला मच्छरदाणी लावली की काम झालं' असं लिहिलंय, ते साफ चूक आहे. पंख फुटलेला कीटक पुढे मोठा होत नाही. चावणारं चिलट, म्हणजे क्युलिकॉइड्स, पूर्ण वाढूनही १ ते ३ मिलिमीटरचंच राहतं आणि साध्या मच्छरदाणीच्या भोकातून सहज आत येतं. आमच्या धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडे मेंढ्या पाळणाऱ्या कोणालाही विचारा. पावसाळा सरता सरता मेंढीचं तोंड सुजतं, लाळ गळते, खुरं दुखून ती लंगडते. या नीलजिव्हा (ब्लू टंग) रोगाचा विषाणू हीच चिलटं पसरवतात, आणि भारतात तो पहिल्यांदा नोंदला गेला तो १९६४ साली, आपल्याच महाराष्ट्रात.

गेल्या भादव्यात मी शेळ्यांच्या वाड्यात बल्बखाली साबणाच्या पाण्याची पांढरी थाळी ठेवली होती. सकाळी बघतो तर मिरपूड भुरभुरल्यासारखी चिलटं! भिंगाखाली पंखांवर करडे-पांढरे ठिपके दिसले. जात ओळखताना आधी हीच नक्षी बघतात, पण जवळच्या जाती वेगळ्या करायला सूक्ष्मदर्शकच लागतो. वालुमाशी, म्हणजे सँडफ्लाय हा दुसरा बारीक चावरा कीटक, मात्र शेतकऱ्यालाही ओळखता येईल: अंगभर लव, आणि बसली की पंख इंग्रजी 'व्ही'सारखे उभे. चिलट पंख पाठीवर आडवे मिटतं. लेखात दोघींची गल्लत झाली आहे. आणि लेखात फवारणीही सांगितली आहे, पण नुसत्या फवारणीनं काय होणार? वाड्यामागचा ओला उकिरडा तसाच राहिला तर त्या चिखलात पुढची पिढी तयारच असते.